आपल्या घराण्यात कॅन्सर नाही

माझ्या बाबांची दोन वाक्यं आमच्या राजेंद्र नगरात सगळ्यांना पाठ आहेत. एक म्हणजे, इंदूरसारखे पोहे जगाच्या पाठीवर कुठे मिळत नाहीत. दुसरं, आपल्या घराण्यात कॅन्सर नाही. पहिल्याबद्दल माझी काही तक्रार नाही. दुसऱ्यानं मात्र यंदा आमच्या घरात असा काही गोंधळ घातला की आठवलं की आधी हसू येतं आणि मग अंगावर काटा येतो.

बाबांचं नाव पंचशील. महूच्या छावणीतल्या एका सरकारी कचेरीत काम करतात, रिटायरमेंट जवळ आलीय. माणूस नाकासमोर चालणारा, पण हट्टी. मी, प्राची, त्यांची एकुलती एक मुलगी. हट्ट मी त्यांच्याकडूनच घेतलाय, त्यामुळे आमचं रोज एकदा तरी वाजतं आणि आई दोघांकडे दुर्लक्ष करून भाजी निवडत बसते.

मी भंवरकुआंजवळच्या एका संशोधन संस्थेत बायोइन्फर्मेटिक्स करते. म्हणजे काय, हे नातेवाइकांना समजावून सांगायचं मी केव्हाच सोडून दिलंय. थोडक्यात सांगायचं तर, वेगवेगळ्या कॅन्सरच्या गाठींमधली जनुकं वाचली जातात आणि ती माहिती नावंगावं काढून आमच्याकडे येते. कुठला कॅन्सर कुठल्या कॅन्सरचा नातेवाईक आहे, ते मी कंप्यूटरला शोधायला लावते. बाबा पाहुण्यांना सांगताना याची पार वाट लावतात. "आम्ही लग्नं केली तेव्हा पत्रिका नाही बघितल्या," ते म्हणतात, "और ये देखो, आमची पोरगी कॅन्सरच्या पत्रिका जुळवते!"

गेल्या हिवाळ्यात मी एक आगाऊपणा केला. गाठ शरीराच्या कुठल्या भागातली, हा रकानाच मी कंप्यूटरपासून लपवला. त्याला म्हटलं, आता नुसत्या जनुकांतल्या चुका बघ आणि एकसारख्या चुका असलेल्यांना एकत्र बसव. त्यानं बसवलं. एका कोपऱ्यात एक लहानसा घोळका तयार झाला. रकाना परत उघडून पाहिला, तर त्यात आतड्याचे कॅन्सर होते, त्यांच्या मांडीला मांडी लावून गर्भाशयाचे कॅन्सर होते, आणि मधेच पोटाचाही एक येऊन बसला होता.

हृषीकेश माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. मल्हारगंजचा मुलगा, घरची कापडाची पेढी सोडून इकडे आला. त्यानं स्क्रीन बघितला आणि जाहीर केलं, "यार प्राची, तू रकाने उलटेसुलटे केलेस."

"मी नाही केले."

"अरे पक्का केले असतील. आतडं आणि गर्भाशय एका जागी कशाला येतील?"

मला असा राग आला की मी त्या दिवशी त्याच्या डब्यातला घास घेतला नाही, आणि त्याच्या आईच्या हातची दालबाटी सोडणं म्हणजे खायचं काम नाही. आम्ही दोघांनी सगळं पहिल्यापासून तपासलं. रकाने बरोबर होते. घोळकाही बरोबर होता. त्या साऱ्या गाठींमध्ये एकाच प्रकारची जनुकं बिघडलेली होती. पेशी स्वतःची नक्कल करते तेव्हा चुका होतातच, आणि त्या चुका दुरुस्त करणारी ही जनुकं. तीच बिघडली की चुका साचत जातात आणि मग कॅन्सर कुठेही धरू शकतो. जगाला हे नातं ठाऊक आहे, पुस्तकांतही आहे. पण आमच्या भागातल्या पेशंटांमध्ये ते इतकं असेल असं कोणाला वाटलं नव्हतं, कारण आतड्याचा पेशंट एका डॉक्टरकडे जातो, गर्भाशयाची बाई दुसऱ्याकडे, आणि दोघांची गाठ पडते ती फार तर कँटीनमध्ये.

आमच्या प्रमुख अरुंधती मॅडम खूश झाल्या, पण त्या खूश झाल्या की काम वाढतं. "हा बिघाड पुष्कळदा आईवडिलांकडून येतो," त्या म्हणाल्या. "तेव्हा दवाखान्यांमार्फत परवानगी घेऊन या पेशंटांना गाठायचं आणि त्यांच्या घरी कोणाला काय झालं होतं, ते विचारायचं. प्रश्न तयार करा. आणि आधी स्वतःच्या घरी विचारून बघा, लोकांना कळतायत का ते."

रविवारी सकाळी पोहे-जलेबीच्या पुढ्यात मी बाबांना धरलं. बाबांनी पोह्यांवर जीरावन मसाला भुरभुरला, त्यावर शेवेचा डोंगर केला आणि साक्षीदारासारखे ताठ बसले.

"विचार. लेकिन पहले लिख ले, आपल्या घराण्यात कॅन्सर नाही."

"आजोबा कशानं गेले?"

"अण्णा? पोटानं. फौजेतला माणूस, कुठलं कुठलं पाणी प्यायलेला. पोट बिघडलं ते बिघडलंच."

"आणि बाबूराव काका?"

"दादा तर कचोरीनं गेला ना! किती सांगायचो त्याला. आतड्यात गाठ झाली, ऑपरेशन झालं, खतम. पन्नाशी पण नाही बघितली बिचाऱ्यानं."

"बाबा, आतड्यातली गाठ म्हणजे कॅन्सरच असेल."

"कचोरी होती," बाबा म्हणाले आणि विषय मिटला.

मी कागदावर काकांच्या नावापुढे प्रश्नचिन्ह टाकलं. "आणि आत्या?"

"ताई? एकदम टकाटक. तिला काय धाड भरलीय. फक्त मागे ती..." बाबांनी जलेबीकडे बघितलं, आईकडे बघितलं. "ते बायकांचं. तू सांग," असं म्हणून ते ताट घेऊन व्हरांड्यात गेले. बायकांच्या आजाराचा विषय निघाला की बाबा नेहमीच उठतात. माझ्या जन्माच्या वेळीसुद्धा ते दवाखान्याच्या फाटकाबाहेर उभे होते म्हणे.

"आत्याची पिशवी काढली होती," आई म्हणाली. मी लिहून घेतलं, 'आत्या, तब्येत चांगली, गर्भाशय काढलेलं', आणि उरलेली जलेबी खाल्ली. आतडं आणि गर्भाशय यांचं नातं शोधण्यात अख्खा हिवाळा घालवलेल्या मुलीनं हे स्वतःच्या हातानं लिहिलं आणि तिच्या डोक्यात काही म्हणता काही वाजलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो असा.

सोमवारी हृषीकेशनं माझा कागद वाचला. "आत्याची पिशवी का काढली?"

"का म्हणजे काय? सगळ्यांच्याच आत्यांची काढलेली असते. तुझ्या मावशीची नाही?"

"आहे ना."

"का काढली?"

त्यानं खांदे उडवले.  आपल्याकडे पिशवी काढली म्हटलं की त्यापुढे कोणी विचारत नाही. त्रास होता, काढली, सुटली. मी कागद परत ओढून घेतला आणि 'आत्या' या शब्दाभोवती गोल केला.

सरोजिनी आत्या महूला राहते. फूफाजी, म्हणजे तिचे यजमान, गेल्यापासून एकटीच असते. आयुष्यभर ती रेल्वेच्या तिकीट खिडकीवर बसली, त्यामुळे कोणाशीही बोलताना मधे काच आहे असं समजून मोठ्यानं बोलते आणि एकाचं बोलणं संपायच्या आत दुसऱ्याकडे बघते. मी त्याच संध्याकाळी तिच्याकडे गेले.

"जय भीम आत्या. एक विचारू? तुझी पिशवी का काढली होती?"

"कॅन्सर होता म्हणून," आत्या म्हणाली. "चहात अद्रक टाकू?"

मी खुर्चीत बसले. "कॅन्सर होता? आणि तू कोणाला सांगितलं नाहीस?"

"ए बाई, विचारलं कोणी? मी त्रेचाळीसची होते. ऑपरेशन झालं, सगळे म्हणाले पिशवी काढली, पिशवी काढली. मी पण म्हटलं, हो, काढली. तुझा बाप रोज डबा घेऊन यायचा, पण खोलीत कधी आला नाही. दाराबाहेर डबा ठेवायचा, खोकायचा आणि पळायचा. आता खोकणाऱ्याला काय सांगणार?"

मला हसू आलं आणि रडूही आलं. मी तिला ते सगळं समजावून सांगायला लागले. चुका दुरुस्त करणारी जनुकं, ती बिघडली की काय होतं, आजोबांचं पोट, काकांचं आतडं. आत्यानं अर्ध्यातच हात वर केला.

"म्हणजे गाडीत टीसीच चढला नाही. मग काय, फुकटे घुसणारच. आज या डब्यात, उद्या त्या डब्यात."

मी परिषदांमध्ये मोठमोठ्या लोकांची भाषणं ऐकलीयत, पण हे इतकं चटकन कोणी सांगितलं नव्हतं. मी होकार दिला.  चहा उतू गेला तरी आत्याचं लक्ष नव्हतं.

"म्हणजे हे मला अण्णांकडून आलं?" तिनं विचारलं.

"तपासल्याशिवाय नाही सांगता येत. पण तसं दिसतंय."

"तर मग काढ रक्त."

रक्त काही मी काढायचं नसतं. मॅडमनी रीतसर एका दवाखान्यात पाठवलं, तिथल्या डॉक्टरीण बाईंनी आत्याला शांतपणे सगळं सांगितलं, मगच तपासणी झाली. रिपोर्ट आला. आत्यात तोच बिघाड होता.

आता खरी गोष्ट बाबांची होती. असा बिघाड आईवडिलांपैकी एकात असला की प्रत्येक मुलात तो येण्याची शक्यता निम्मी असते. बाबांचे वडील गेले, भाऊ गेला, बहीण थोडक्यात वाचली. बाबांच्या रक्तात तो असेल, तर आतड्यात आत्ताच काही धरत असेल. दुर्बीण घालून बघितलं तर ते लहान असतानाच तिथल्या तिथे काढता येतं, आणि उशीर झाला तर काकांसारखं होतं. इतकं सोपं होतं सगळं. मला रात्री झोप लागेना, आणि बाबा घोरत होते.

मी त्यांना सांगितलं, चित्रं काढून दाखवली, तक्ते दाखवले. बाबा म्हणाले, "अरे बेटा, मी अण्णांपेक्षा, दादापेक्षा जास्त जगलो. यापेक्षा मोठी टेस्ट कोणती?"

"बाबा, असं नसतं."

"आणि ते दुर्बीणवालं तर बिलकुल नाही. कचेरीतल्या एकाचं झालं, आदल्या दिवशी खायला देत नाहीत. इंदूरमध्ये राहून अख्खा दिवस उपाशी? लोग क्या बोलेंगे?"

मी ओरडले, तेही ओरडले. आईनं भाजी निवडणं थांबवलं, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. मी खोलीत जाऊन आत्याला फोन लावला आणि चक्क भोकाड पसरलं. "आत्या, ते ऐकतच नाहीत गं. त्यांना काही झालं तर मी काय करू?"

"रड नकोस," फोनमधून काचेपलीकडचा आवाज आला. "उद्या येते."

दुसऱ्या दिवशी आत्या दारात उभी. चप्पल काढता काढताच म्हणाली, "पंचा, माझी पिशवी काढली होती ना, त्याबद्दल बोलायचंय."

बाबा उठले. पेपरची घडी काखेत मारली आणि व्हरांड्याकडे निघाले. सवयच ती.

"बस खाली!"

राजेंद्र नगरात निदान चार घरांपर्यंत तो आवाज गेला असेल. बाबा बसले.

"डबा ठेवून खोकायचास आणि पळायचास. आज पळायचं नाही. पिशवीत कॅन्सर होता माझ्या. ऐकलंस?"

बाबांचा चेहरा उतरला. "ताई... मला कोणी सांगितलं नाही."

"तू थांबलास कुठे? आणि गल्लीभर सांगत फिरतोस, आपल्या घराण्यात कॅन्सर नाही. मला कळलं ना, तेव्हापासून एकच विचार करतेय. लग्न होऊन गेले म्हणून मला तू घराण्यात धरलंच नाहीस का रे?"

 आत्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. माझ्या आठवणीत ती इतक्या हळू कधी बोललेली नाही.

"मूलबाळ झालं नाही, मग हे झालं. सासरचे म्हणायचे, हिच्या अंगातच काहीतरी खोट आहे. मी पण तेच धरून बसले इतकी वर्षं. आता ही पोरगी सांगते, ते अण्णांकडून आलं, दादात होतं, माझ्यात आहे. तुला सांगू पंचा? रिपोर्ट बघून मला बरं वाटलं. खोट माझी एकटीची नव्हती. मी आपल्याच घरची निघाले."

बाबा रडायला लागले. मी बाबांना असं रडताना कधी पाहिलं नव्हतं. ते लहान मुलासारखे नाक ओढत होते आणि आत्या त्यांच्या पाठीवर थोपटत होती, तेही जरा जोरातच. मग बाबांनी पेपरच्या घडीनंच डोळे पुसले. गालाला शाई लागली.

"कब जाना है?" त्यांनी मला विचारलं.

तपासणीच्या आदल्या दिवसाचं वर्णन मी काय करू! नुसतं पाणी, गाळलेलं सूप, नारळपाणी आणि पोट साफ करायचं ते खारट औषध. आईनं शेवेचा डबा कपाटात ठेवून कुलूप लावलं, तर बाबा कपाटासमोर खुर्ची टाकून बसले. त्यात शेजाऱ्यांनी नेमक्या त्याच दिवशी कचोऱ्या तळायला घेतल्या. बाबा खिडकीशी जाऊन डोळे मिटून वास घ्यायला लागले. आत्या त्यांच्यासोबत उपाशी राहिली होती. "चल हट तिकडून," ती म्हणाली, "वासात पण तेल असतं." संध्याकाळी औषधानं आपलं काम सुरू केलं तेव्हा बाबा धावत जाता जाता ओरडले, "प्राची, तुझा कंप्यूटर गेला खड्ड्यात!" आत्या इतकी हसली की तिला ठसका लागला.

सकाळी दवाखान्यात मात्र कोणी हसत नव्हतं. बाबांना आत नेलं. दाराबाहेर मी, आई आणि आत्या. मी नखं खात होते. इतकी वर्षं मी गाठी बघितल्या त्या स्क्रीनवर, रंगीत ठिपके म्हणून. दाराआड माझे बाबा होते आणि मला एकही आकडा आठवत नव्हता. मला फक्त भीती वाटत होती.

डॉक्टर बाहेर आले. आतड्यात दोन कोंब, म्हणजे पॉलिप, मिळाले होते. दोन्ही तिथल्या तिथे काढले. एक जरा मोठा होता, आणखी काही वर्षं तसाच राहिला असता तर कॅन्सर झाला असता, ते म्हणाले. अजून झाला नव्हता. आत्यानं डॉक्टरांना विचारलं, "नक्की ना? माझ्याकडे बघून सांगा," आणि त्यांनी सांगितल्यावर ती बाकावर मटकन बसली.

बाबा गुंगीतून जागे झाले. पहिला प्रश्न, "ताईनं काही खाल्लं का?" दुसरा, "पोहे कधी मिळतील?"

पुढे बाबांच्या रक्ताचा रिपोर्ट आला. बिघाड होता. मग मीही तपासून घेतलं. माझ्यातही आहे. दोन दिवस मी तोंड पाडून बसले, तिसऱ्या दिवशी आत्याचा फोन आला. "झालं रडून? आता आपण तिघं दर साली एकत्र जाऊ. एक दिवस उपाशी, दुसऱ्या दिवशी पार्टी. नेक्स्ट!" आणि फोन ठेवला. तेव्हापासून भीती वर्षातून एकदाच वाटून घ्यायची असं मी ठरवलंय, बाकीचे दिवस कामाचे.

काम तर वाढलंच. आमच्या प्रश्नांत आम्ही एक प्रश्न घातला, घरातल्या कोणा बाईची पिशवी काढली असेल तर ती का काढली, आणि तो लग्न होऊन गेलेल्या बहिणींबद्दल, आत्यांबद्दलही विचारायचा. पुरुष मंडळी आधी नाहीच म्हणतात. मग बहिणीला फोन लावतात, आणि फोन ठेवताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो. घोळक्यातल्या गाठींना आता घरं मिळायला लागलीयत. हृषीकेशच्या मावशीचं कारण साधंच निघालं. त्यानं दालबाटीचा अख्खा डबा मला दिला.

परवा रविवारी बाबा आम्हां दोघींना, म्हणजे मला आणि आत्याला, नाक्यावरच्या गाडीवर पोहे खायला घेऊन गेले. गर्दी होती. बाबांनी शेवेचा डोंगर केला, एक घास घेतला आणि शेजारी उभ्या असलेल्या अगदी अनोळखी माणसाला म्हणाले, "भिया, आपल्या घराण्यात कॅन्सर आहे."

तो बिचारा गांगरला. "अरे बाप रे. सॉरी, अंकलजी."

"सॉरी कायको? ही माझी ताई. हिला झाला होता, म्हणून मी वाचलो," बाबा म्हणाले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून, अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी विचारलं, "आप बताओ, आपकी बुआजी की बच्चेदानी क्यों निकाली थी?"

अनोळखी माणसाला त्याच्या आत्याच्या पिशवीबद्दल, आणि तेही भर गाडीवर! त्या माणसानं प्लेट खाली ठेवली, थोडा विचार केला आणि खिशातून मोबाइल काढला.